दोन बोटांची फट

नवरा गोव्यात. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो,
आणि दर खेपेला म्हणतो,
खुराड्याचं बघू की पुढच्या आठवड्यात.
तोवर मुंगसानं दोन तलंगा नेल्या,
पायरीवर चार पिसं ठेवून,
पावती फाडल्यासारखी.

म्हणून मीच हातोडा घेतला.
शाळेच्या स्वयंपाकातनं निवृत्त झालेली बाई मी,
दोनशे पोरांचा भात नुसत्या अंदाजावर उतरवलाय,
सहा कोंबड्यांची खोली ती काय!

परड्यात जांभ्याचे चार चिरे मांडले.
त्यावर मोडक्या बाजेचे पाय.
बसायला आडवा वेळू, पाडव्याच्या गुढीचा.
गुढीची साडी नेसतो आपण,
मग काठीनं काय पाप केलंय?
वर बालवाडीचा जुना पत्रा,
त्यावर अजून अर्धा पोपट शिल्लक.

चौथ्या दिवशी, दुपार कलताना,
पारिशवाडच्या बाजूनं आभाळ उठलं.
आधी धूळ. मग वास. मग काहीच नाही,
कुत्रंसुद्धा गप्प.
आणि मग वळीव असा आला
की आंब्यानं कैऱ्या फेकून मारल्या दारावर,
माझे सांडगे शेजारच्या विहिरीत,
आणि तो अर्धा पोपट
जन्मात पहिल्यांदा उडाला.

उतरला थेट बसवाणी मेस्त्रीच्या मिरचीत.
बैलहोंगलकडचा म्हातारा,
दिवाळीपासनं लेकीकडं राहायला आलेला.
पत्रा डोक्यावर धरून, भिजत, कुंपणाशी उभा:
गाळी, अक्का, गाळी!
कानडी मला येतं, बाजारापुरतं आणि भांडणापुरतं.
गाळी म्हणजे वारा, ठाऊक होतं,
तरी म्हटलं, पत्रा परत आणलास ते बरं केलंस,
वर गाळी कशाला देतोस बाबा?
त्याला कळायला थोडा वेळ लागला.
मग पत्र्यासकट हसला.

दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आला, न बोलावता.
माझे खिळे बघितले, एकेक उपटून काढला,
दगडावर ठोकून सरळ केला,
काही म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.
मधेच बोट करायचा: कोळी मने.
कोंबडीचं घर.
माझ्या कानात मात्र प्रत्येक वेळी
जाळी विणत बसलेल्या कोळ्यांची मनं.
मी चहा दिला. तो माप घेई,
कानावरची पेन्सिल काढून फळीवर आकडा टाकी,
फळी मी धरायची, कापायची पण मीच,
कारण त्याचा हात कापतो आता,
सुतारकीत नाही, घोट घेताना दिसतं.

दार कापलं आणि बसवलं,
तर इंचभर तोकडं.
दोघांनी फळीकडं बघितलं.
त्यानं एकवीस लिहिलेले, कानडीत.
त्याचा एक इतका वाटोळा
की मी शून्य वाचला.
खाली दोन बोटांची फट.
मूठ घालून पाहिली, जात नाही.
मुंगसाचं डोकं माझ्या मुठीएवढं तरी असेलच,
असं आम्ही ठरवलं.
कडीला अडसर म्हणून शाळेतलं लांब उलथणं.

त्या रात्री गारा. लाईट गेली.
आणि कोंबड्या कुठं? रामफळावर,
नव्या घराकडं पाठ करून, ओल्या गोणपाटासारख्या.
बॅटरी दातात धरून मी फांदी वाकवली,
म्हातारा खाली लुंगी पसरून उभा.
पाच आल्या. सहावी, खुडूक,
हाताला चोच मारून कौलावर गेली,
आणि आमचं ओरडणं संपल्यावर
स्वतःच्या पायांनी चालत आत शिरली.

शनिवारी नवरा आला.
पिशवी खाली न ठेवता भोवती फिरला,
पोपटावर टिचकी मारली,
वाकला, म्हणाला,
दार तोकडंय बघ खालनं.
आणि किती ते दाखवायला
फटीत घातली दोन बोटं.

आत खुडूक बसलेली होती.
मी सांगणार होते.